बंदूक गेली, हाका राहिला

31 डिसेंबर 2024. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-टू नावाची वाघीण आपले पाच बछडे घेऊन रस्त्यावर आली. समोर सफारीच्या जिप्सी, मागेही जिप्सी. वर्षाचा शेवटचा दिवस, गाड्या गच्च भरलेल्या, आणि गाडी मागे घ्यायला कोणीच राजी नाही. मधल्या मोकळ्या तुकड्यात ती सहा जनावरं अडकली. त्याची चित्रं मोबाइलवरून फिरली, बोंबाबोंब झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. बातम्यांत जी कारवाई आली ती गाइड आणि गाडीचालक यांच्यावरची.

जुन्या शिकाऱ्यांकडे या प्रकाराला एक नेमका शब्द होता, हाका. गावची माणसं डबे, ढोल बडवत रान उठवायची, वाघाला एका बाजूने रेटत आणायची, आणि दुसऱ्या टोकाला मचाणावर साहेब किंवा राजेसाहेब बंदूक रोखून बसलेले असायचे. हाकारे गावचे, मचाण पाहुण्यांचं. वाघ उलटला तर हाकाऱ्यावर उलटायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक काढून घेतली, पुढच्याच वर्षी 1 एप्रिलला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. हाका मात्र कोणी बंद केला नाही. त्याला इंजिन लागलं, आणि बंदुकीच्या जागी हातभर लांब लेन्स आली. स्टिअरिंगवर गावचाच पोरगा असतो, आणि घेराव झाला की निलंबितही तोच होतो.

मी सफारीला जातो, हे आधीच सांगून टाकतो. वाघ समोर आला की माझ्याही तोंडाला कोरड पडते. त्यामुळे ‘सफारी म्हणजे पाप, बंद करा’ असं म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि तसं माझं मतही नाही. माझी तक्रार वाघ पाहण्याच्या इच्छेबद्दल नाही. वाघ दिसेलच, अशी जी न बोलता दिलेली हमी आपण विकत घेतो आणि सगळी यंत्रणा मिळून विकते, तिच्याबद्दल आहे. उमरेडला जे घडलं ते दोन-चार चालकांच्या उद्धटपणामुळे घडलं, असं मानून चाललं की प्रश्न मिटतो. मला तो तसा मिटलेला दिसत नाही.

ही हमी कशी चालते ते जवळून पाहण्यासारखं आहे. मध्य भारतातल्या एका व्याघ्र प्रकल्पाच्या गेटवर, नाव सांगत नाही, पहाटेच्या अंधारात आम्ही रांगेत उभे होतो. उघड्या जिप्सीत गारठा हाडांत शिरतो. ओळखपत्रं तपासून होईपर्यंत पुढच्या-मागच्या गाड्यांतून एकच चौकशी चाललेली: काल कुठं होती? किती वाजता? पिल्लं होती का? गेट उघडलं तशी पहिल्या वळणापर्यंत सगळ्या गाड्या शहाण्यासारख्या चालल्या. मग समोरून एक जिप्सी आली, दोन्ही चालकांनी गाडीबाहेर हात काढून दोन बोटं हलवली, एका पाणवठ्याचं नाव घेतलं, आणि त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही जंगल पाहिलंच नाही. फक्त धूळ. उजव्या हाताला बांबूच्या बेटात रानगव्यांचा कळप होता, काळे चकचकीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. ते मला मान वळवून पाहावे लागले, कारण गाडी थांबवण्याचा प्रश्नच नव्हता.

पाणवठ्यावर गाड्यांची अशी दाटी होती की चालक एकमेकांच्या बंपरला चिकटले होते. वाघीण गवतात पडलेली. दिसत होता तो एक कान. तो कान हलला की पंधरा-वीस कॅमेरे एकदम खडखडायचे. आमच्या गाडीतले एक गृहस्थ गाइडला सारखं म्हणत होते, ‘अरे थोडं पुढं घे ना, पैसे भरलेत आम्ही.’ गाइड मान हलवत होता, चालक अर्धा हात पुढं घेत होता. कानाला शेवटी आमचा कंटाळा आला. वाघीण उठली, आमच्याकडे पाहिलंही नाही, आणि गवतात विरघळली. परतताना ते गृहस्थ खूश होते. उतरताना त्यांनी गाइडच्या हातात नोटा ठेवल्या. आदल्या दिवशी याच गाइडच्या फेरीत वाघ दिसला नव्हता आणि त्याला कोणी पाणीही विचारलं नव्हतं, हे त्यानेच मला नंतर चहा पिताना सांगितलं. मी विचारलं, वाघ नाही दिसला की वाईट वाटतं का? तो म्हणाला, ‘तुमाले नाई दिसला त माही टीप जाते. माह्या वावरात दिसला त जागल जाते.’

जागल म्हणजे रात्रीची पिकाची राखण. वावरात वाघ आहे कळलं की कोणी मचाणावर जात नाही, आणि जागल गेली की रानडुकरं एका रात्रीत हरभरा उलथून टाकतात. हे मला नीट कळायला वेळ लागला. त्याच्या एका वाक्यात या सगळ्या व्यवहाराचा ताळेबंद होता.

मर्यादा नाहीत असं नाही. 2012 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर, म्हणजे अगदी आतल्या राखीव, क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. तेव्हा केवढा गहजब झाला होता! ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. कोअरचा जास्तीत जास्त 20 टक्के भाग पर्यटनाला, प्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर, प्राण्याला घेरायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, हे सगळं तेव्हापासून कागदावर आहे. नियम चांगले आहेत. पण नियम पाळायचा कोणी, तर ज्याची कमाई तो मोडण्यावर ठरते त्याने. 20 मीटर अंतरावरून फोटोत वाघ अंगठ्याएवढा येतो. मागच्या सीटवरच्या माणसाला तो हाताएवढा हवा असतो. हे दोन मीटर-चार मीटरचं भांडण रोज प्रत्येक फेरीत त्या पोराच्या डोक्यात चालतं, आणि रोज तोच हरतो.

नोव्हेंबर 2025 मध्ये उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरू देऊ नये असंही म्हटलं. ताडोबात ही बंदी त्याआधीपासून आहे. चांगलंच आहे, निदान कोणाचा फोन ‘झिंगाट’ वाजवत सांबराला पळवणार नाही. पण मोबाइल हा रोग नव्हता. उलट उमरेडचा प्रकार जगाला कळला तो कोणीतरी चित्रण केलं म्हणून. मोबाइल गेटवर जमा झाले आणि घेराव तसाच राहिला, तर फक्त साक्षीदार कमी होईल.

वाघाला या सगळ्याचं काय होतं? तो सरावतो, असं जिप्सीत नेहमी सांगतात. बघा ना, आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही! हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासली, तेव्हा पर्यटन चालू असण्याच्या काळात ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण पर्यटन बंद असलेल्या काळापेक्षा जास्त आढळलं. गाड्यांची वर्दळ हे त्यातलं एक कारण होतं. वाघीण ढुंकून पाहत नाही म्हणजे तिला काही वाटत नाही, हा आपला सोयीचा अर्थ. आपणही लोकलच्या गर्दीत कोणाकडे ढुंकून पाहत नाही.

सफारीच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असा: पर्यटक म्हणजे जंगलाचे डोळे. गाड्या फिरतात म्हणून चोरटे शिकारी फिरकत नाहीत. ऐकायला बरं वाटतं, आणि त्यात अजिबात तथ्य नाही असंही म्हणता येणार नाही. पण राजस्थानातलं सरिस्का आठवा. 2005 च्या सुमारास तिथे एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं. पाठोपाठ 2009 मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाचीही तीच गत. दोन्ही जंगलं पर्यटकांसाठी खुली होती, तिथेही जिप्सी फिरत होत्या, गाइड पगमार्क दाखवत होते. मग ते डोळे कुठे पाहत होते? रस्त्याकडे. गाडी जिथवर जाते तिथवरच तिचा पहारा. बाकीच्या रानात पायी फिरणारा वनरक्षक असतो आणि त्याच्याबरोबर रोजंदारीवरचा वनमजूर. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा नोंदवायला निघालेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला, त्यात तिचा जीव गेला. रस्त्यावर वाघीण बसलेली दिसल्यावर ही मंडळी अर्धा तास थांबली होती, मग वळसा घालून झाडीतून निघाली होती. अंतर राखणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. जंगलाचे डोळे म्हणायचं तर या बाईंना म्हणावं.

तेव्हा सफारी हवी ती पहाऱ्यासाठी नाही. मला पटतं असं तिचं एकच कारण आहे. वाघाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला वाघ जिवंत राहण्यात काहीतरी स्वारस्य असावं, आणि ते आज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तेवढं मिळत नाही. ताडोबाच्या गेटला लागून असलेल्या आगरझरी किंवा कोलाऱ्याचा पोरगा गाइड होतो, त्याची बहीण निसर्ग पर्यटनाच्या कामाला लागते, एखाद्या घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या निघतात. हे काही थोडं नाही. ज्या गावांनी कोअरमधून उठून जंगल मोकळं करून दिलं त्यांच्या वाट्याला तेवढंही यावं, नाही का? म्हणून 2012 च्या बंदीच्या बाजूने मी तेव्हाही नव्हतो.

पण हे कारण खरं मानलं तर त्याच्याच मापाने सफारी मोजायला हवी.

2006 मध्ये देशात 1,411 वाघांचा अंदाज होता, 2022 च्या गणनेत सरासरी अंदाज 3,682 वर गेला. महाराष्ट्रात 444. आकडे वाढले याचा आनंदच आहे. पण 444 वाघ काही गेटच्या आत राहत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीकडच्या धानाच्या बांधांना लागून असलेल्या रानात वाघ आहेत, आणि तिथे बहुतेक जागी जिप्सी नाही, गाइड नाही, तिकीट नाही. तिथे आहे तो मोह आणि तेंदू, म्हणजे मोहफुलं वेचणं आणि विडीची पानं तोडणं.

सफारीचा सगळ्यात चांगला हंगाम कुठला, असं कोणालाही विचारा. एप्रिल-मे. पानगळ झालेली, पाणवठे आटलेले, वाघ हमखास पाण्यावर येतो. टोपी घाला, ओला रुमाल बांधा आणि दुपारच्या फेरीला जा. नेमक्या त्याच दिवसांत, पहाटे अंधारातच, त्याच रानाच्या बाहेरच्या अंगाला बायका तेंदूपत्ता तोडायला शिरतात. सत्तर पानांचा एक पुडा. पुड्यांवर मजुरी. पान कोवळं हवं, ते झुडपाच्या बुंध्याशी फुटलेलं असतं, म्हणून तोडणारी बाई वाकूनच असते, तासन् तास. चार फूट उंचीची, जमिनीकडे तोंड केलेली, झुडपात हलणारी आकृती. वाघाला ती माणूस वाटतच असेल असं सांगता येत नाही. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी मारल्या गेल्या. त्या महिन्यात चंद्रपुरात एकामागून एक बातम्या येत राहिल्या. त्याच महिन्यात सफारीच्या जागा महिनोन्महिने आधी भरलेल्या असतात, हे मी वेगळं सांगायला नको. मीही भरतो.

शासन मृताच्या वारसांना 25 लाख देतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, घरांना गॅस दिला, सरपणासाठी बायकांनी रानात जाऊ नये म्हणून. हे विचार करून केलेलं काम आहे, त्याची टिंगल करणार नाही. पण गॅसमुळे सरपण वाचतं, मे महिन्यातली रोख कमाई वाचत नाही. आणि इथेच माझ्या मते सफारीने उभं राहायला हवं. ज्या सहा-आठ आठवड्यांत सफारीची मागणी सगळ्यात जास्त, त्याच आठवड्यांत रानालगतच्या गावांना तेंदूच्या मजुरीएवढी रक्कम थेट हातात मिळावी, गेटच्या गावांनाच नाही तर ज्यांच्या रानात वाघ आहे पण गेट नाही त्या गावांनाही. आज गेट असलेलं गाव वाघावर जगतं आणि वीस कोसांवरचं गाव वाघ सोसतं. दोन्हीकडचा वाघ बऱ्याचदा एकाच आईचा असतो.

आणि हमीचं काय? ती मोडायला मोठा कायदा लागत नाही. गाइडच्या हातात टीप द्यायची पद्धत बंद करून गेटवर एकच पेटी ठेवा, महिन्याच्या शेवटी सगळ्यांत सारखी वाटा, वाघ दिसलेल्यांनाही आणि न दिसलेल्यांनाही. गाइडची फेरीची मजुरी इतकी वाढवा की टीपेची लाचारी उरणार नाही. तिकिटात पर्यटकाचं नाव असतंच, तर घेराव झाला की गाडीतल्या सगळ्यांना वर्षभर प्रवेश नाही, असं करून पाहा. मागच्या सीटवरून ‘पुढं घे’ म्हणणारा आवाज कसा बसतो ते दिसेल. वनखात्याने आणि सगळ्यांनीच फलकांवर, पत्रकांवर फक्त वाघाचा जबडा छापणं थोडं आवरावं. आणि वाघांना सिनेनटांसारखी नावं देणं. हे मी जरा चिडून लिहितो आहे. पण ‘जय’ नावाचा तो भलामोठा वाघ 2016 मध्ये उमरेडमधून दिसेनासा झाला तेव्हा महाराष्ट्र हळहळला, आणि त्याच्यासारखेच बिननावाचे वाघ विजेच्या तारेला चिकटून मरतात तेव्हा चार ओळींची बातमी येते. नाव दिलं की आपण एका वाघाचे चाहते होतो, आणि बाकीचे गर्दीत जमा होतात.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. वाघाची आशाच दाखवली नाही तर येणार कोण? पैसा कुठून येणार? येणारे कमी होतील, हे मला मान्य आहे. मेळघाटात वाघ आहेत, पण ते दिसत नाहीत, आणि म्हणूनच तिथे ताडोबासारखी रांग नाही. गर्दीतला जो भाग फक्त जबड्यासाठी येतो तो दुसरीकडे जाईल, एखाद्या बंदिस्त कुंपणातल्या ‘टायगर सफारी’ला जाईल. जाऊ दे. (सरकारी भाषेत ‘टायगर सफारी’ म्हणजे हेच, कुंपणातले वाघ. कॉर्बेटच्या पाखरोला तशी एक उभारताना हजारो झाडं बेकायदा तोडली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, पण तो वेगळा विषय.) थोडी कमाई घटली तर घटू द्या, पण ती कोणाच्या वाट्याची घटते तेवढं पाहा. गाइडच्या आणि गावाच्या वाट्याची घटता कामा नये. रानालगतच्या आलिशान मुक्कामांच्या वाट्याची थोडी घटली तर माझ्या पोटात दुखणार नाही.

सफारी हा शब्द स्वाहिलीतून जगभर गेला आणि स्वाहिलीत तो अरबीतून आला. मूळ तोच, जो आपल्याकडे ‘सफर’ म्हणून रुळला आहे. निघणं, चालणं, वाटेत जे भेटेल ते पाहणं. आणि ताडोबा हे नाव ज्या तारूवरून पडलं असं गोंड सांगतात, तो तारू त्या रानातल्या गावाचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे. ज्याला वाघाने मारलं त्याच्या नावाने रान ओळखलं जातं, आणि त्याच रानातल्या वाघावर कोणी सूड उगवत नाही. वाघाबरोबर राहण्याची एक पद्धत इथे होती. तिच्यात भीती होती, अंतरही होतं. ते अंतर मीटरमध्ये लिहावं लागत नव्हतं.

मागच्या खेपेला शेवटच्या फेरीत आम्हाला वाघ दिसला नाही. मागच्या सीटवरची दोन पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. गाइड पोरगा नवा होता, एका नाल्याच्या वळणावर त्याने चालकाचा खांदा दाबला. इंजिन बंद झालं. वानर खाकरलं, मग जरा वेळाने पलीकडून सांबर, एकदा, दोनदा. सांबर उगाच ओरडत नाही. ऐनाच्या एका झाडावर, माणसाच्या डोक्याच्याही वर, सालीतून ताज्या नख्यांचे ओरखडे होते आणि त्यातून पाणी पाझरत होतं. गाइडने त्याच्याकडे बोट केलं आणि तोंडावर हात ठेवला. आम्ही श्वास धरून बसलो. चालकाने घड्याळ पाहिलं, गेट बंद व्हायला अकरा मिनिटं उरली होती. सांबर अजून ओरडत होतं. त्याने गाडी वळवली.